नंबर सतरा

तीन खांब, दोन दोर, गाद्या सात,
त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली.
यात चोवीस मुलं मावतात. पंचविसावं नाही.
हे गणित मी रोज कुणाला तरी समजावते,
फोन खांद्यात धरून, कारण हाताला एरंडेल.

दत्तवाडीच्या आमच्या मैदानाला
दार कमी, पाटी जास्त. सरांच्या हातची:
‘नंबर लागल्यावर कळवले जाईल.
तोवर चौकशी करू नये.
ओळख सांगू नये, आम्ही विसरतो.’
लोक हसतात, फोटो काढतात,
आणि मग ओळख सांगतात.

वही दोनशे पानी.
नाव, जन्मतारीख, फोन, किती वाजता आले.
नियम मीच केलेले.
आधी येईल त्याला आधी.
भावंड आत असेल तर धाकट्याला पुढे,
एकाच आईला दोन मैदानं नकोत म्हणून.
वय दहाच्या आत.
किती स्वच्छ वाटलं होतं पट्टीनं रेघा मारताना.

नोंदणी जूनच्या पहिल्या रविवारी, सकाळी सहाला.
साडेपाचलाच रांग, थर्मास, घडीच्या खुर्च्या.
नऊला मी वही मिटत होते
तेव्हा कुंदा खिलारे आली, तीन घरची भांडी उरकून,
मागे आठ वर्षांचा रुपेश, खांबाकडे मान वर करून.
‘सहा म्हणजे सहालाच होय, ताई?’
हो, म्हटलं.
प्रतीक्षायादी. नंबर सतरा.

त्या वर्षी सहा जागा निघाल्या, चार भावंडांना गेल्या.
पुढच्या वर्षी पाच, भावंडं तीन.
सतराचा पंधरा, पंधराचा तेरा.
यादी हळू सरकते. पोरं मात्र
तिच्यासाठी थांबून वाढत नाहीत.

मधेच एकदा फोन आला,
‘साहेबांचा भाचा आहे, बघा जरा.’
बघितलं. चौतिसावा होता, चौतिसावाच ठेवला.
त्या रात्री काय गाढ झोपले मी!
वशिला चपला वाजवत येतो,
त्याला नाही म्हणणं सोपं.
माझा नियम अनवाणी आत आला होता,
मला ऐकूच गेला नाही.

यंदा मे महिन्यात वही मांडीवर घेतली
आणि पोरांऐवजी घरं मोजली.
चोवीस मुलं, घरं चौदा.
त्यातली पाच एकाच सोसायटीतली.
सरांना दाखवलं. ते राळ कुटत होते,
कुटता कुटताच म्हणाले, ‘नियम बदल.
पण रांगेतल्याला सांगितल्याशिवाय नको.’

मग फोन केले. एकेकाला.
आता नोंदणी आठवडाभर, संध्याकाळीही.
जागा निघाल्या की चिठ्ठ्या.
भावंडाला वेगळं दार नाही.
दोघी भांडल्या, एक आजोबा रागावून छान मराठी बोलले.
रुपेशचा नंबर अस्तित्वात नव्हता.

जनता वसाहतीच्या पायऱ्या चढून गेले.
किराणावाल्यानं गल्ली दाखवली, बोळ एका पोरीनं.
रुपेश दारात सायकलची चेन बसवत होता,
तळवे काळे. उंची माझ्या खांद्याला.
दहा वर्षं, चार महिने.
‘यायचंय का अजून?’ हे मी विचारलं,
आणि विचारताना माझाच तिसरा नियम आठवला.

त्यानं चेन फिरवून बघितली.
‘मला नको आता. हिला घ्या.’
ही म्हणजे पायल, सहा वर्षांची,
दाराच्या चौकटीला हातापायांनी चिकटून वर चढलेली,
कुणी न शिकवता.

धाकटं भावंड.
जो कधी आत आलाच नाही, त्याचं.

तिचं नाव बाकीच्यांएवढ्याच कागदावर लिहिलं,
तेवढ्याच घड्या घातल्या.
तरी डबा हलवताना कळतं मला
ती चिठ्ठी कुठल्या कोपऱ्यात आहे.
म्हणून रविवारी काढेल दुसरं कुणीतरी.
मी पाटीखाली उभी राहीन,
ओळख विसरायचा प्रयत्न करत.